प्रगतीचे पठार

कठीण विषयाच्या अध्ययनास आरंभ करणाऱ्या मनुष्यास काही काळ आपली प्रगती स्पष्ट दिसते आणि मग ती अशी खुंटते की, हे आपल्या कुवतीबाहेरचे आहे, असा निवाडा तो स्वतःविरुद्ध परस्पर देऊन मोकळा होतो. अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठाच्या ब्रायन व हार्टर या संशोधकांनी तारायंत्र शिकणाऱ्या उमेदवारांच्या ठायी या अवस्थेचे निरीक्षण करून त्याचा वृत्तांत १८९७ व १८९९ साली प्रसिद्ध केला. संदेश पाठविण्याचा वेग पुष्कळसा अखंड वाढत गेला. परंतु यंत्राचा कडकट्ट आवाज ऐकून संदेश उतरून घेण्याचा वेग, नोकरीस लागणाऱ्या मर्यादेच्या किंचित अलीकडे, कित्येक आठवडे जवळजवळ स्थिर राहून नंतर पुन्हा चढू लागला.

तारेच्या सांकेतिक लिपीतील एक रेघ, चार ठिपके व पुन्हा एक ठिपका यांत नवशिक्यास तीन सुटी अक्षरे ऐकू येतात, तर मुरलेल्या तारमास्तरास ‘द’ (the) हा अखंड इंग्रजी शब्द. अक्षरांवरून शब्दांवर व शब्दांवरून वाक्प्रचारांवर जाणाऱ्या या सवयी अंगवळणी पडेपर्यंत बाह्य वेगात फरक दिसत नाही, असे ब्रायन व हार्टर यांचे प्रतिपादन होते. पुढील संशोधकांस स्थिर वेगाचे हे पठार सर्वत्र आढळले नाही, हेही नमूद केले पाहिजे. तथापि वेग थांबला म्हणून बुद्धीस दोष देण्याचे कारण नाही. सबब, वाचकहो, विषयाचा राजीनामा लिहिण्यापूर्वी आपण कोणत्या प्राथमिक घटकापाशी अद्याप अडखळतो ते तपासावे आणि त्याचाच सराव आणखी काही आठवडे नेमाने करावा.