ओंडक्यावरचा थर

हातकणंगल्यात रविवारची सकाळ मटणाच्या दुकानातल्या सत्तुराच्या ठोक्यांनी उजाडते. ठोका पडतो तो लाकडी ओंडक्यावर, आणि ओंडका शक्यतो चिंचेचा. हे लाकूड घट्ट नि चिवट, घाव झेलतं, सहजी चिरफाळत नाही. घाव खाऊन खाऊन मधोमध खळगा पडतो. दुकान किती जुनं, हे पाटीपेक्षा त्या खळग्यावरून नीट कळतं.

संध्याकाळी दोन तांबे पाणी मारलं तरी खळग्यात बोट बुळबुळतं. ती नुसती चरबी नव्हे. मांसरसातले जीवाणू लाकडाला चिकटतात, स्वतःभोवती डिंकासारखा पदार्थ सोडतात आणि त्यातच वस्ती करतात. ही बायोफिल्म. सकाळी दातांवर जिभेला लागणारा थर याच जातीचा; सूक्ष्मदर्शकातून जीव पाहणाऱ्या लेव्हेनहूकनं १६८३ च्या पत्रात आपल्याच दातांवरच्या अशा जीवांचं वर्णन केलं होतं.

खिम्याचं मशीन तर ओंडक्याहून अवघड. जाळीची भोकं, स्क्रूचे आटे, वॉशरमागची फट. लिस्टेरिया हा जीवाणू तिथे फ्रिजच्या गारव्यातही वाढतो.

सर्रास उपाय म्हणजे ब्लीचिंग पावडर. पण क्लोरीन वाटेतल्या रक्ता-चरबीवरच खर्ची पडतं, डिंकाच्या आत फारसं पोचत नाही. उकळतं पाणी थेट ओतावं, तर रक्तातली प्रथिनं शिजून जागीच बसतात. तेव्हा आधी खरवडायचं, कोमट पाण्यानं धुवायचं, मग सोड्याचं पाणी आणि ब्रशनं दणकून घासणं. जंतुनाशक सगळ्यात शेवटी, आणि मग कोरडं करणं. मशीन सुटं केल्याशिवाय यातलं काहीच साधत नाही. माझ्या मते निम्मं काम औषधाचं नाही, मनगटाचं आहे.

२०११ ची अन्नसुरक्षा नियमावली हत्यारं आणि खिम्याचं मशीन ८२ अंशांच्या पाण्यानं धुवायला सांगते. (थर्मामीटर कुठल्या दुकानात असतो?) ओंडक्याला मात्र ती हद्दपार करत नाही, कठीण, भरीव लाकूड चालतं. १९९४ मध्ये संशोधक डीन क्लायव्हर आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगांतही सुरीच्या चरांनी भरलेलं प्लास्टिक हातानं स्वच्छ करणं अवघड ठरलं, लाकडानं मात्र जंतू आत ओढून घेतले आणि ते पुन्हा सहजी वर आले नाहीत.

त्याच नियमावलीत ओंडक्यावर रोज मीठ पसरण्याचा जुना रिवाजही आहे. जाडं मीठ रात्रभर ओल शोषतं. सकाळी ते खरवडताना लाकडाचा पातळ पापुद्राही निघतो, आणि खळगा तेवढाच आणखी खोल होतो.