पीतज्वराचा जंतू सापडत नाही, असं छापणारा ग्रंथ

जॉर्ज स्टर्नबर्ग हे अमेरिकन लष्करातले डॉक्टर. त्यांचा ‘मॅन्युअल ऑफ बॅक्टेरिऑलॉजी’ हा जाडजूड ग्रंथ १८९२ साली न्यूयॉर्कहून निघाला. अमेरिकेला जंतुशास्त्राची पहिली ओळख त्यानेच झाली, असं सर्रास सांगतात. ते खरं नाही. मान्यँ या फ्रेंच लेखकाच्या जंतूंवरच्या पुस्तकाचं इंग्रजी भाषांतर स्वतः स्टर्नबर्ग यांनीच १८८० मध्ये केलं होतं.

‘जंतू दिसला की रोग आलाच’ ही समजूत तर आजही घरोघरी आहे. १८८० मध्येच स्टर्नबर्ग यांनी धडधाकट असताना आपली लाळ सशांना टोचली. ससे मेले आणि त्यांच्या रक्तात जो जंतू सापडला, तो पुढे न्यूमोनियाचा जंतू, न्यूमोकोकस, म्हणून ओळखला गेला. जंतूचे मालक मात्र ठणठणीत! पाश्चर यांनाही त्याच सुमारास तो स्वतंत्रपणे सापडला. शोध एकट्या पाश्चर यांच्या नावावर टाकणं बरोबर नाही.

जुनी पाठ्यपुस्तकं म्हणजे चुकांचं भांडार, हाही एक ग्रह. पीतज्वराचं पाहा. स्टर्नबर्ग यांना तो १८७५ मध्ये स्वतःलाच झाला होता. ब्राझीलचे फ्रेरे, मेक्सिकोचे कार्मोना, क्यूबाचे फिनले असे एकेक जण ‘जंतू मिळाला’ म्हणून पुढे येत होते. अमेरिकन सरकारने चौकशीला पाठवलेल्या स्टर्नबर्ग यांनी ते दावे सूक्ष्मदर्शकाखाली तपासले आणि एकेक करून फेटाळले. कारण कळलेलं नाही, हाच त्यांचा निष्कर्ष आणि तोच त्यांच्या ग्रंथातही छापलेला. पाठ्यपुस्तकाच्या लेखकाला असं लिहिणं जड जातं. विद्यार्थ्याला उत्तर हवं असतं.

अर्थात त्यांना द्रष्टा ठरवण्याचं कारण नाही. पीतज्वर डास पसरवतो, हे फिनले यांनी १८८१ मध्येच मांडलं होतं. त्यांचा जंतू चुकीचा होता, डास बरोबर होता. स्टर्नबर्ग यांनी जंतू नाकारला तो योग्यच. डासाचं महत्त्व मात्र त्यांना वेळेवर उमगलं नाही.

पुढे लष्करी वैद्यकखात्याचे प्रमुख झाल्यावर १९०० मध्ये त्यांनीच लष्करी डॉक्टर वॉल्टर रीड यांचं पथक क्यूबाला धाडलं. डासाची गोष्ट तिथे सिद्ध झाली. जंतू न सापडण्याचं कारणही उलगडलं: रोग्याचं रक्तद्रव जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतून काढलं, तरी ते टोचल्यावर ताप येत होता. रोग विषाणूचा होता आणि तेव्हाच्या कुठल्याही सूक्ष्मदर्शकातून तो दिसणं शक्यच नव्हतं.