रिकाम्या जागेचे रसायनशास्त्र

रिकामी जागा म्हणजे वाया गेलेली जागा, असे आपण सहसा धरून चालतो. रसायनशास्त्रात मात्र गेली कित्येक वर्षे उलटा प्रवास चालू आहे. पदार्थात नेमकी किती पोकळी ठेवायची, ती किती मोठी असावी आणि तिचे तोंड किती रुंद असावे, यावर शास्त्रज्ञ जिवापाड मेहनत घेत आहेत. या पोकळीचे काम काय, ते आपण पाहू.

सुरुवात एका नेहमीच्या वाक्यापासून करू. ‘उत्प्रेरक अभिक्रियेत भाग घेत नाही, फक्त तिचा वेग वाढवतो’ असे अनेकदा शिकवले जाते. हे वाक्य सुधारून घ्यायला हवे. उत्प्रेरक अभिक्रियेत भाग घेतोच. फक्त शेवटी तो पूर्वीच्या रूपात परत मिळतो. घन उत्प्रेरकाच्या बाबतीत रेणू त्याच्या पृष्ठभागावर येऊन चिकटतात, तेथे त्यांचे जुने बंध सैल होतात, नवे बंध जुळतात आणि तयार झालेला रेणू निघून जातो. म्हणजे सगळे काम पृष्ठभागावर होते. आत खोल दडलेले अणू बिनकामाचे राहतात.

आता थोडे गणित करू. १ सेंटीमीटर बाजूच्या घनाचे पृष्ठफळ ६ चौरस सेंटीमीटर असते. हाच घन कापून १ नॅनोमीटर, म्हणजे मीटरच्या अब्जाव्या भागाइतकी बाजू असलेले घन केले, तर त्यांची संख्या एकावर एकवीस शून्ये इतकी होईल आणि एकूण पृष्ठफळ ६,००० चौरस मीटर भरेल. बोटाच्या पेरावर मावणाऱ्या पदार्थातून सुमारे दीड एकर जमीन निघाली! पृष्ठभाग वाढवण्याचा एक मार्ग हा; दुसरा मार्ग म्हणजे पदार्थाचे तुकडे न करता त्याला आतून असंख्य छिद्रे पाडणे.

हे दुसरे काम निसर्गाने आधीच करून ठेवले आहे. १७५६ साली क्रोनस्टेट या स्वीडिश खनिजशास्त्रज्ञाला असे एक खनिज आढळले, की जे तापवल्यावर उकळल्यासारखे फसफसते. त्याने ‘उकळणारा दगड’ या अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून त्याला ‘झिओलाइट’ हे नाव दिले. फसफसण्याचे कारण छिद्रांत अडकलेले पाणी. आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणातील पोकळ्यांत झिओलाइटचे सुंदर स्फटिक सापडतात. पुणे, नाशिक, जळगाव या भागांतील खाणींतून निघालेले नमुने जगभरच्या संग्रहालयांत गेले आहेत.

झिओलाइटची चौकट सिलिकॉन, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजनच्या अणूंची असते. सिलिकॉनच्या जागी ॲल्युमिनियम आला, की चौकटीवर एक ऋण प्रभार येतो. तो फेडण्यासाठी हायड्रोजन आयन बसवला, तर छिद्राच्या आतच आम्लाचे एक ठाणे तयार होते. हेच उत्प्रेरकाचे कार्यस्थान. आणि छिद्रे सर्वत्र एकाच मापाची असल्याने झिओलाइट चाळणीचेही काम करतो.

उदाहरण घेऊ. झायलीनचे तीन भाऊ आहेत : ऑर्थो, मेटा आणि पॅरा. तिघांत अणू तेच आणि तितकेच, फरक मांडणीचा. यांतला सडपातळ पॅरा आपल्याला हवा असतो, कारण पॉलिएस्टरचा धागा त्याच्यापासून बनतो. टेरिकॉटच्या कापडाचे मूळ येथे आहे. ‘झेडएसएम-५’ या कृत्रिम झिओलाइटची छिद्रे साधारण ०.५५ नॅनोमीटर रुंद असतात. पॅरा त्यातून सहज बाहेर सरकतो. अंगाने रुंद असलेले दोघे आत रेंगाळतात आणि रेंगाळता रेंगाळता त्यांचेही पॅरात रूपांतर होत राहते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने १९८० च्या दशकात या जातीचे ‘एन्सिलाइट’ उत्प्रेरक विकसित केले आणि झायलीनच्या प्रक्रियेसाठी ते बडोद्याच्या कारखान्यात वापरले गेले.

पोकळीचे तिसरे काम संरक्षणाचे. दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नई येथे १ एप्रिल १९९५ पासून नव्या पेट्रोल मोटारींना उत्प्रेरक परिवर्तक सक्तीचा झाला. त्यातील प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचे सूक्ष्म कण धुरातील विषारी कार्बन मोनॉक्साइडचे कार्बन डायऑक्साइड करतात. हे धातू दुर्मीळ आणि महाग. शिवाय गरम धुराच्या सततच्या माऱ्याने त्यांचे कण सरकत सरकत एकमेकांना चिकटतात. सारखे आठ गोल कण मिळून एक झाला, तर त्याची त्रिज्या दुप्पट होते, पण पृष्ठफळ आधीच्या एकूण पृष्ठफळाच्या निम्मे उरते. धातू तेवढाच, काम अर्धे.

मग प्रत्येक कणाला स्वतःची खोली दिली तर? सच्छिद्र पदार्थाचे पोकळ कवच आणि आत एकच धातूचा कण, अशी ही रचना. अंड्यात बलक असावा तशी. वायूचे रेणू कवचाच्या छिद्रांतून ये-जा करतात, पण आतला कण शेजाऱ्याला भेटू शकत नाही.

अशी पोकळी करण्याची एक युक्ती जुन्या निरीक्षणातून आली. तांबे आणि पितळ एकमेकांना भिडवून तापवले, तर पितळातील जस्त जितक्या वेगाने बाहेर जाते, तितक्या वेगाने तांबे आत येत नाही, हे कर्केंडॉल यांनी १९४७ साली दाखवले. या असमतोलामुळे मागे पोकळ्या राहतात. धातुकामात हा दोषच. २००४ साली अमेरिकेत बर्कली येथे यादोंग यिन, अलिविसाटोस आणि सहकाऱ्यांनी त्याचाच उपयोग केला. कोबाल्टच्या नॅनोकणाची ऑक्सिजनशी क्रिया होताना कोबाल्ट बाहेर लवकर पळतो, ऑक्सिजन आत सावकाश येतो आणि कणाचे पोकळ कवच होते. आत आधीच प्लॅटिनमचा कण ठेवला असेल, तर तो पोकळीत तसाच राहतो. त्या प्लॅटिनमने इथिलीन आणि हायड्रोजन यांची अभिक्रिया घडवूनही दाखवली.

तरीही सगळे प्रश्न सुटलेले नाहीत. कवच जाड केले, तर रेणूंना आत शिरायला वेळ लागतो. पातळ केले, तर ते उष्णतेने कोसळते. अरुंद छिद्रांत काजळी साचून वाटा बंद होतात. म्हणून हमरस्ता आणि गल्ल्या असाव्यात, तशी मोठी आणि लहान छिद्रे एकाच पदार्थात ठेवण्याचे प्रयत्न चालू आहेत. पोकळ कवचे ग्रॅमने करणे जमते. टनाने आणि स्वस्तात करणे अवघड आहे. पण महाग धातूचा प्रत्येक अणू कामाला लागला, तर थोड्या धातूत अधिक धूर स्वच्छ होईल. या खटाटोपामागचा हेतू हाच.

शिक्षकांनी वर्गात एक प्रश्न जरूर विचारावा : आठाऐवजी सत्तावीस कण एकत्र आले, तर पृष्ठफळाचा कितवा भाग उरेल? उत्तर एकतृतीयांश येते. ते विद्यार्थ्यांनी स्वतः काढले, तर पोकळीची किंमत त्यांना निराळी सांगावी लागणार नाही.