शारीरिक शिक्षणाचे पाठनियोजन

शारीरिक शिक्षणाचे पाठनियोजन म्हणजे शालेय विद्यार्थ्यांचे वय, शारीरिक क्षमता, उपलब्ध मैदान, साहित्य व वेळ यांचा विचार करून खेळ व व्यायामाच्या तासिकेची केलेली पूर्वआखणी होय. वार्षिक नियोजन, घटक नियोजन व पाठ टाचण असे तिचे तीन टप्पे मानले जातात.

पार्श्वभूमी

महाराष्ट्रात या विषयाला आखाड्यांची व व्यायामशाळांची जुनी परंपरा आहे. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली, तर पुण्याचे महाराष्ट्रीय मंडळ १९२४ साली स्थापन झाले. आखाड्यात वस्ताद एकेका पठ्ठ्याकडे लक्ष देई. शाळेत एका शिक्षकासमोर पन्नास मुले उभी असतात. आखणीची गरज मुख्यतः या फरकातून निर्माण झाली. शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी १९३८ साली कांदिवली येथे शासकीय संस्था सुरू झाली.

वार्षिक नियोजन

वार्षिक नियोजन स्थानिक हवामानाशी जुळणे आवश्यक असते. जळगाव जिल्ह्याच्या भुसावळ तालुक्यातील वरणगाव व तापी खोऱ्याचा परिसर हे याचे उत्तम उदाहरण आहे. येथील काळी कपाशीची जमीन पावसाळ्यात चिकट होते व मैदान अनेक दिवस वापरता येत नाही. त्यामुळे जून ते ऑगस्ट या काळात योगासने, लेझीमचे मूळ हात, खेळांचे नियम असे व्हरांड्यात किंवा वर्गात होणारे घटक घेणे सोयीचे ठरते. धावणे, उड्या व मैदानी खेळ यांसाठी दिवाळीनंतरचे हिवाळी महिने सर्वांत अनुकूल असतात. मार्चपासून ऊन चढू लागते. सकाळच्या शाळेतही ही तासिका पहिल्या सत्रात ठेवावी लागते आणि पाणी पिण्याचा वेळ टाचणातच धरावा लागतो. इतरत्र तयार झालेले नियोजन जसेच्या तसे उतरवून घेतल्यास ते खानदेशात कागदावरच राहते.

तासिकेची रचना

पाठाचे सामान्यतः शरीर तापवणे, मुख्य कृती, मनोरंजक खेळ आणि शिथिलीकरण व विसर्जन असे भाग पडतात. यातील मुख्य कृतीची मांडणी सर्वांत महत्त्वाची असते. उदाहरणार्थ, ४८ विद्यार्थ्यांना एकाच खड्ड्यावर लांब उडी शिकवताना प्रत्येकास अर्धा मिनिट लागला, तर २४ मिनिटे खर्च होतात व प्रत्येकाच्या वाट्याला एकच उडी येते. उरलेला वेळ तो रांगेत उभा असतो. त्याच वर्गाचे १२ जणांचे चार गट करून एक गट उडीला, दुसरा दोरीउडीला, तिसरा चेंडूफेकीला व चौथा वळणाच्या धावण्याला नेमल्यास आणि दर ६ मिनिटांनी गट बदलल्यास वेळ तेवढाच लागतो. उड्या वाढत नाहीत, पण रांग नाहीशी होते. त्याकरिता प्रत्येक जागेवर एक गटप्रमुख आधी तयार करावा लागतो. ते न केल्यास चार ठिकाणी गोंधळ होतो.

खो-खोच्या बाबतीतही हेच घडते. पाठलाग करणारे ९ व पळणारे ३ असे एका वेळी १२ खेळाडूच मैदानात असतात. बाकीचे ३६ प्रेक्षक होतात. म्हणून पूर्ण सामन्याऐवजी चार-पाच जणांच्या छोट्या रांगांत खो देणे, दिशा न बदलता धावणे व खांबाला वळसा घालणे यांचा सराव आधी घेतला जातो.

अडचणी

शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या अनुसूचीत शाळेला क्रीडांगण व प्रत्येक वर्गाला खेळाचे साहित्य आवश्यक मानले आहे. मात्र सहावी ते आठवीत १०० हून अधिक पट असेल तेथेच या विषयासाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे. परिणामी लहान गावांतील शाळांत हा भार वर्गशिक्षकावर पडतो आणि परीक्षा जवळ आल्या की ही तासिका गणिताकडे जाते. तालुका व जिल्हा स्पर्धांच्या दिवसांत निवडक संघाचा सराव हाच शारीरिक शिक्षणाचा तास समजला जातो, ही त्याहून गंभीर उणीव होय. जागतिक आरोग्य संघटनेने ५ ते १७ वयोगटातील मुलांसाठी दररोज सरासरी ६० मिनिटे मध्यम ते तीव्र हालचालींची शिफारस केली आहे. संघात न निवडलेल्या मुलाला शाळेत त्यातील किती मिनिटे मिळतात, हे तासिकेच्या आखणीवरच अवलंबून असते.

मूल्यमापन

एकाच अंतराची वेळ सर्वांना लावण्याऐवजी विद्यार्थ्याची सत्रारंभीची व सत्राअखेरची नोंद ताडून पाहणे अधिक न्याय्य मानले जाते. दमा, हृदयविकार किंवा अपंगत्व असलेल्या विद्यार्थ्यांसाठी पर्यायी कृती टाचणात स्वतंत्रपणे लिहिली जाते. त्यांना केवळ गुणलेखकाचे काम देणे पुरेसे नसते.