पाठीवर नक्षी, पोटात पुरण

पिनांगच्या जॉर्ज टाऊनमध्ये एखाद्या चिनी घरातलं बाळ महिन्याचं झालं, की नातेवाईक आणि शेजाऱ्यांकडे खाऊचे डबे पोचतात. डब्यात हळद घातलेला चिकट तांदळाचा भात, कोंबडीचा रस्सा, लाल रंगवलेली उकडलेली अंडी आणि केळीच्या पानाच्या तुकड्यांवर बसलेली चकचकीत लाल कासवं. भात आणि रस्सा मलय शेजाराकडून आलेला. कासवं मात्र हॉकियन लोकांची स्वतःची. त्यांचं नाव ‘आंग कू क्वे’.

हॉकियन समाज मूळचा दक्षिण चीनमधल्या फुजियान प्रांताचा. शियामेन, च्युआनचौ, चांगचौ या भागातला. व्यापार आणि मजुरीच्या निमित्तानं ही माणसं तैवान, पिनांग, मलाक्का, सिंगापूर, जावा अशी पसरली आणि या कासवांचे लाकडी साचेही त्यांच्याबरोबर गेले. इंडोनेशियात हाच पदार्थ आज ‘कुए कू’ म्हणून बाजारात मिळतो.

कासव दीर्घायुष्याचं, लाल रंग मंगलाचा. त्यामुळे बारसं-वाढदिवसापासून देवाच्या नैवेद्यापर्यंत ही कासवं सगळीकडे लागतात. चांद्र वर्षाच्या पहिल्या महिन्यातली नवमी हा स्वर्गाधिपती ‘थी कोंग’ याचा जन्मदिवस. हॉकियन लोकांना तो नववर्षाइतकाच मोठा. आदल्या रात्री पिनांगच्या च्यू जेटीवर लांबच लांब टेबलं मांडली जातात. त्यांवर उसाच्या मोळ्यांशेजारी लाल कासवंही असतात. तैवानच्या पेंगहू बेटांवर त्याच महिन्याच्या पौर्णिमेला भाविक देवाला कौल लावून देवळातलं कासव मागून नेतात. नवस फळला, तर पुढच्या वर्षी त्याहून मोठं कासव देवळात आणून द्यायचं.

आता पोटातलं. पुरण बहुधा मुगाच्या डाळीचं, नाहीतर भाजलेल्या शेंगदाण्यांच्या जाडसर कुटाचं. सालं काढलेली पिवळी डाळ काही तास भिजवून वाफवतात, गरम असतानाच घोटतात आणि साखर, तेल व केवड्याच्या जातीतल्या पांदान पानांची गाठ घालून मंद आचेवर परततात. कढईच्या कडा सोडून गोळा जमला, की पुरण झालं. ते सैल राहिलं तर साच्यात आवरण फाटतं.

आवरणात खरी मेख आहे. चिकट तांदळाच्या स्टार्चमध्ये अमायलोज नावाचा घटक जवळजवळ नसतो, म्हणून तो शिजला की लवचीक आणि चिवट होतो. पण नुसतं पीठ गार पाण्यात भिजवलं तर ते तडकतं. म्हणून थोडं पीठ उकळत्या पाण्यानं शिजवून बाकीच्यात मळून घेतात. मोदकाची उकड काढणाऱ्या हाताला यातलं तर्कशास्त्र समजवावं लागणार नाही. शिवाय 300 ग्रॅम पिठाला साधारण निम्मं उकडलेलं रताळं घालतात. त्यानं आवरण मऊ राहतं आणि नारिंगी झाकही येते. हवा तेवढा लाल रंग वरून घालायचा.

साच्याच्या खोलगट भागात कासवाची पाठ कोरलेली असते. मधोमध बहुतेकदा दीर्घायुष्याचं चिनी अक्षर. साच्याला तेलाचा हात किंवा कोरडं पीठ लावून पुरण भरलेला गोळा त्यात दाबतात. मग साचा पालथा धरून त्याची एक कड ओट्यावर ठोकायची, मग दुसरी, शेवटी टोक. कासव तळहातावर उतरतं, ते थेट तेल लावलेल्या केळीच्या पानावर ठेवायचं.

इथून पुढची दहाएक मिनिटं घालमेलीची. आवरण जितकं मऊ, तितकी नक्षी बुजण्याची भीती अधिक. जोरदार वाफेत पीठ फुगतं, पसरतं आणि कासवाची पाठ सपाट होऊन बसते. त्यासाठी आच मध्यम ठेवतात आणि दर दोन-तीन मिनिटांनी झाकण क्षणभर उचलून वाफ जाऊ देतात. बाहेर काढल्याबरोबर वरून तेलाचा पुसट हात फिरवला, की चकाकी येते आणि कासवं एकमेकांना चिकटत नाहीत.

हल्ली ही सगळी खटपट पुष्कळ घरांनी दुकानांवर सोपवली आहे. सिंगापूरच्या एव्हर्टन पार्क वसाहतीतल्या ‘जी शियांग’ या दुकानात गोड मूग आणि शेंगदाण्याबरोबर खारं मूग, खोबरं, अरवी, मका अशीही पुरणं मिळतात, आणि पुरणाप्रमाणे कासवाचा रंग बदलतो. छिंगमिंगला, म्हणजे पूर्वजांच्या थडग्यांची साफसफाई करायच्या दिवसांत, काही घरी काळी कासवं लागतात; शोकाच्या प्रसंगी लाल चालत नाही.

हा पदार्थ ज्या दिवशी केला त्याच दिवशी खावा. फ्रीजमध्ये आवरणातला स्टार्च पुन्हा घट्ट होतो आणि कासव दातांना दाद देत नाही. मग परत वाफ द्यायची. दुसऱ्या वाफेत नक्षी थोडी बुजते, पण तोवर नैवेद्य दाखवून झालेला असतो, त्यामुळे कुणी तक्रार करत नाही.