मंजुरीविना पेरलेला कापूस

जनुकबदल पिकांना विरोध म्हटलं की उपटलेली रोपं आठवतात. अकोल्यात उलटंच घडलं. जून 2019 मध्ये अकोट तालुक्यातल्या अकोली जहागीरला शेतकरी संघटनेने मंजुरी नसलेला एचटीबीटी (तणनाशक सोसणारा बीटी) कापूस जाहीरपणे पेरला. तेव्हा कायद्यात शिक्षा होती पाच वर्षांपर्यंत कैदेची! तरी पेरण्याचं कारण साधं: निंदणाची मजुरी परवडत नाही. या वाणावर ग्लायफोसेट हे तणनाशक फवारलं की तण जळतं, कपाशी तगते. तिच्यातलं बदललेलं विकर तणनाशकाला दाद देत नाही. (निंदणावर पोट असलेल्या बायांचं काय, हा प्रश्न मात्र उरतोच.) बोंडअळीचा बंदोबस्त वेगळ्या, बीटी जनुकांकडे; पण गुलाबी अळी त्यांनाही पुरून उरली. चोरवाटेने येणाऱ्या बियाण्याच्या पाकिटाला पक्की पावती नसते, पीक फसलं तर दाद मागायची कुठे? सरकारने एकदाचा निकाल द्यावा, हो किंवा नाही.