'मी पाहिलं' आणि 'त्याने पाहिलं'

घरचा देवधर्म मी सोडला, तेव्हापासून एक प्रश्न हमखास येतो: "पण मला देवाने स्वतः दर्शन दिलं, त्याचं काय?"

आमच्या सचिनहून सुरत जवळच. तिथे 1844 साली दुर्गाराम मेहताजी, मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंग आणि त्यांच्या सोबत्यांनी मानवधर्म सभा काढली. ही मंडळी ईश्वर मानणारी. तरी मंत्रतंत्राचे दावे करणाऱ्यांना त्यांनी उघड आव्हान दिलं.

व्याकरणाच्या भाषेत सांगायचं, तर 'मी पाहिलं' हा प्रथम पुरुष. तेच तुम्ही मला सांगितलंत, की माझ्यासाठी ते 'त्याने पाहिलं' होतं. अनुभव तुमच्यापाशी राहतो, माझ्याकडे ऐकीव गोष्ट येते. थॉमस पेननेही 1794 मध्ये 'द एज ऑफ रीझन'मध्ये हाच भेद मांडला. सांगणारा खोटं बोलतो असं नाही. पण प्रामाणिकपणा म्हणजे पुरावा नव्हे.

धर्म सोडणाऱ्याने मात्र जुन्या साक्षात्कारांना लावलेली फूटपट्टी नव्यांनाही लावायला हवी. देवदूतांशी बोलल्याचं सांगणाऱ्या स्वीडनबॉर्गच्या ग्रंथांवर पुढे दादोबांनीच आस्थेने पुस्तक लिहिलं; ते 1878 मध्ये निघालं. ओढ अशी सहज सुटत नाही.

म्हणून मी एवढंच बघतो: 'देवाने सांगितलं' हे शब्द काढले, तरी सांगणं टिकतं का? आजारी शेजाऱ्याकडे जा, असं ते असेल, तर मीही येतो.